पाणी सरकारचे, जाळे भोयाचे, पैसा कोणाचा?

दरसाल सरकारचे मासळीचे आकडे प्रसिद्ध होतात आणि ‘नीलक्रांती’ झाली म्हणून चौघडे वाजतात. आकडे खोटे आहेत असे आमचे म्हणणे नाही. १९५०-५१ साली साऱ्या देशात मासळी निघाली सुमारे साडेसात लाख टन. २०२२-२३ साली ती १७५ लाख टनांवर गेली. तेव्हा दहा वाट्यांतले सात वाटे समुद्रातून येत. आता चारांतले तीन तळी, नद्या, धरणे व खाजणे ह्यांतून येतात. परदेशी गेलेल्या मासळीचे २०२३-२४ साली साठ हजार कोटींवर रुपये आले, त्यांतले चाळीस हजार कोटी एकट्या गोठविलेल्या कोळंबीचे. हे सर्व ठीक. पण धरणावर भल्या पहाटे जाळे ओढणाऱ्या भोयाच्या व कोळ्याच्या घरी ह्यातला रुपया किती आणे होऊन पोहोचतो, हे कोणी छापीत नाही.

गोड्या पाण्याची मासळी एवढी वाढली कशी, हे आधी समजून घेतले पाहिजे. रोहू, कटला व मृगळ हे मासे साचलेल्या तळ्यात सहसा अंडी घालीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातला नदीचा पूर लागतो. म्हणून पूर्वी बीज नदीतून गाळून आणावे लागे, आणि त्यात कोणत्या जातीचे बीज किती, हे देवालाच ठाऊक! १९५७ साली कटक येथे हिरालाल चौधरी ह्या शास्त्रज्ञाने माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून ह्या माशांकडून अंडी घालवून घेतली. तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागले. आंध्रातल्या कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडील शेतकऱ्यांनी ही विद्या उचलली आणि तळ्यांची शेती केली. आमची गंगा त्र्यंबकेश्वरी उगम पावते, नाशकातून वाहत जाते, आणि तिच्या मुखाशी पिकलेला कटला बर्फात बसून महाराष्ट्राच्या बाजारात परत येतो. आमच्या द्वारकेच्या चौकात मुंबई-आग्रा रस्त्यास पुण्याचा रस्ता मिळतो. माल न्यावयास वाट नाही, असे नाशिककरांस तरी म्हणता येणार नाही.

पाण्याचीही वाण नाही. दारणा धरण १९१६ साली पुरे झाले. पुढे गंगापूर, गिरणा, मुकणे अशी धरणे होत गेली. भोयांचे पालखी-मेण्यांचे काम मोटारींनी नेले. नदीच्या वाळूत कलिंगड-खरबुजाच्या वाड्या होत्या, त्यांतल्या कित्येक धरणांच्या पाण्याखाली गेल्या. उरले जाळे. धरणाचे पाणी सरकारचे, मासेमारीचा ठेका मच्छीमारांच्या सहकारी संस्थेस, बहुधा पाच वर्षांकरिता. कायदा चांगला आहे. पण पुष्कळ ठिकाणची तक्रार अशी की, पाटीवर नाव संस्थेचे आणि थैली व्यापाऱ्याची. ठेक्याची रक्कम तो भरतो, बीज तो आणतो, जाळ्याला व होडीला उचल तोच देतो. मग मासळी त्याने ठरविलेल्या भावानेच त्याच्या काट्यावर घालावी लागते. कांद्याच्या आडतीत ज्यांचे हात पोळले आहेत त्या आमच्या शेतकरी बंधूंस हे निराळे समजावून सांगावयास नको. समजा, गिऱ्हाइकाने किलोस २०० रुपये दिले आणि जाळेवाल्यास ८० मिळाले. त्या ८०तून उचल वळती झाली, नायलॉनच्या जाळ्याची किंमत गेली, म्हणजे मजुरी तरी सुटली का? हा हिशेब तिसरीतले पोर करील, पण वह्या संस्थेच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली भलत्याच कनवटीला.

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मासेमारीस व मत्स्यशेतीस शेतीचा दर्जा देण्याचे ठरविले. कर्ज, विमा, वीजदर ह्यांत शेतकऱ्याप्रमाणे सवलत मिळावी हा हेतू. निर्णय योग्य आहे. परंतु सवलत कागदावरच्या ठेकेदाराच्या नावाने सुटते. कागदाआड दुसराच कोणी बसला असेल, तर ती त्याच्याच ओटीत पडणार. म्हणून सवलत वाटण्यापूर्वी सरकारने प्रत्येक संस्थेचे सभासद खरोखर जाळे टाकणारे आहेत की नाहीत, हे धरणाच्या काठी येऊन पाहावे, कचेरीत बसून नव्हे.

आता आमच्या शेतकरी बंधूंविषयी. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना निघाली. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांशेजारी कागद अंथरलेली तळी आहेत. त्यांत मासे सोडा म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात. जरूर सोडा, पण कागदाच्या तळ्यात चिखल नसतो, म्हणून माशाचे आपोआप होणारे खाद्य थोडे. ते विकत घालावे लागते. मासा वजनाला यावा तोच वैशाखात बागेला पाणी लागते. फवारणीची पिंपे तळ्याच्या काठी धुतली, तर एका रात्रीत सगळे पालथे. आणि ‘आम्ही बीज देतो, आम्हीच मासा घेतो’ म्हणून जो आगाऊ पैसे मागतो, त्याच्या कागदावर अंगठा उठवू नये. कोळंबीवाल्या मोठ्या व्यापाऱ्यांनाही परक्याच्या बाजारावर भिस्त ठेवण्याचा घोर लागला: ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने हिंदुस्थानच्या मालावरची जकात पन्नास टक्क्यांवर नेली, आणि त्यांचा मोठा गिऱ्हाईक तोच.

धरणांवरील भाऊ-बहिणींस एक काम आजच करण्यासारखे आहे. खरी चोरी बिजात होते. मोठ्या धरणात बोटभर लांबीची बोटुकली सोडावयास हवी. जिरे किंवा बारीक बीज सोडले तर ते मोठ्या माशांच्या पोटात जाते. बिलावर मात्र लाखाचा आकडा तोच राहतो. तेव्हा बीज येईल त्या दिवशी सगळ्या सभासदांनी काठावर हजर राहावे, बायकांनीही. बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या त्याच आहेत. एक वाटी बीज घमेल्यातल्या पाण्यात ओतून एकेक मोजावे. मोजणीस शाळेतली पोरे घ्यावीत. मग किती वाट्या पडल्या त्याने गुणावे, दोन-चार बोटुकल्या पट्टीवर ठेवून लांबी पाहावी, आणि आकडा तेथेच वहीत लिहून पाचजणांच्या सह्या घ्याव्यात. सही येत नसेल त्याने आमच्यापैकी कोणाही मास्तराकडे संध्याकाळी यावे. पाटीचे पैसे पडणार नाहीत.