पडदा अडकला म्हणून नाटक बुडत नाही

घरातील संगणक बिघडला की मंडळींत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "याला कोणी हात लावू नका." दुसरा म्हणतो, "सगळे पुसून नव्याने भरू या." पहिल्यामुळे काम अडते, एवढेच. दुसऱ्यामुळे मात्र लग्नामुंजीचे फोटो, मुलीचा अर्धा लिहिलेला प्रबंध आणि आजोबांनी टिपून ठेवलेली घराण्याची हकिकत एका दुपारीत नाहीशी होते. या दुसऱ्या तटाशी यंदाच्या दिवाळीत चार शब्द बोलावे असे आम्ही योजिले आहे.

निमित्तही तसेच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार संपला. धडधाकट पण जुने यंत्र टाकून देणे ज्यांच्या जिवावर आले, त्यांतील काहींनी लिनक्सचा आसरा घेतला. लिनक्स ही युनिक्सच्या वळणाची प्रणाली. तिचा गाभा लायनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला. ती फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकी चालते. पण एखाद्या सकाळी, विशेषतः आदल्या दिवशी सुधारणा भरल्या असतील तर, पडदा काळाच राहतो. किंवा चित्र दिसते पण माऊसचा बाण जागचा हलत नाही. मग घरातील कोणीतरी निदान करून मोकळे होते, "गेले!"

बहुधा गेलेले काहीच नसते. युनिक्सच्या घराण्यात चित्र दाखविण्याचे काम एका वेगळ्याच कार्यक्रमाकडे सोपविलेले असते. १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत बॉब शाइफलर व जिम गेटिस यांनी 'एक्स' नावाची व्यवस्था उभी केली. पडद्यावर चित्र काढावयाचे, आणि माऊस व कळफलक यांचे निरोप ज्याचे त्याला पोचवावयाचे, एवढेच तिचे काम. १९८७ साली तिची अकरावी आवृत्ती निघाली. तीच अद्याप वापरात आहे. २००८ पासून घडत आलेली 'वेलँड' ही व्यवस्था आता तिची जागा घेत आहे, पण कामाची वाटणी जवळजवळ तीच. नाटक मंडळीत पडदा ओढणारा निराळा आणि नट निराळे. पडदा अडकला म्हणून नट मेले असे कोणी समजत नाही. तुमचे फोटो आणि कागद हे नट. ते आत तोंडाला रंग लावून बसलेलेच असतात.

तेव्हा प्रथम तारा पाहाव्या. पडद्याची तार दोन्ही टोकांना घट्ट आहे ना? माऊस बिनतारी असेल तर त्यातील बॅटरी बदलावी. तारेचा असेल तर दुसऱ्या भोकात खोचून पाहावा. निम्मे आजार येथेच बरे होतात असे म्हटले तरी कोणी भांडायला येणार नाही.

एवढ्याने भागले नाही तर कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ या तीन कळा एकदम दाबाव्या. काळ्या पडद्यावर तुमचे नाव विचारणारी एक ओळ आली की समजावे, यंत्र जिवंत आहे. नाव व परवलीचा शब्द द्यावा. तो शब्द लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही. गोंधळून जाऊ नये. मग रोमन लिपीतील लहान अक्षरांत 'एलएस' एवढेच लिहून एंटर दाबावे. तुमच्या कप्प्यांची नावे ओळीने दिसली की घरातील निम्मी चिंता मिटते. येथेच 'एलएसयूएसबी' लिहिले तर जोडलेल्या वस्तूंची यादी येते. तीत माऊसचे किंवा त्याच्या कंपनीचे नाव असेल तर यंत्राने त्याला ओळखले आहे. अडचण पुढची आहे. नाव नसेल तर दोष तारेत, भोकात किंवा माऊसमध्येच. 'डीएफ' लिहिल्यास डिस्क किती भरली ते कळते. डिस्क काठोकाठ भरली तरी चित्राची व्यवस्था उभी राहत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

सुधारणेनंतर पडदा काळा झाला असेल तर दोष बहुधा नवा गाभा आणि चित्राचे कार्ड यांच्या बेबनावाचा. यंत्र सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबल्यास पुष्कळ यंत्रांवर एक यादी येते. तीत अगोदरचा गाभाही ठेवलेला असतो. तो निवडावा; जुन्या सुनेशी सासूचे जमते, तसे कार्डाचेही जमते.

पूर्वी तर माऊसची जात आणि पडद्याचे वेग एका फायलीत हाताने लिहावे लागत. आकडे चुकले तर काचेच्या नळीचे जुने पडदे कायमचे बिघडण्याची भीती असे. आता हे सारे आपोआप ओळखले जाते. मात्र कोणा हौशी भाच्याने 'एक्सऑर्ग डॉट कॉन्फ' नावाची जुनी फाइल आणून ठेवली असेल तर तीच आडवी येते. ती पुसू नये. नाव बदलून ठेवावी. एक्स आपला रोजनामचाही लिहून ठेवतो. त्यात ज्या ओळीपुढे कंसात 'ईई' अशी खूण असेल ती चुकीची ओळ. तिचा मोबाईलवर फोटो काढून जाणकाराला दाखवावा. नुसते "चालत नाही" म्हटल्याने वैद्यालाही काही कळत नाही.

आणि ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स घातले तो कपाटात जपून ठेवावा. त्यावरून यंत्र सुरू करून 'वापरून पाहा' हा पर्याय घ्यावा, 'स्थापन करा' हा घेऊ नये. तेथे माऊस व पडदा नीट चालले तर वस्तू निर्दोष आहेत, दोष मांडणीत आहे. शिवाय डिस्क कुलूपबंद केलेली नसेल, किंवा तिचा परवलीचा शब्द तुमच्यापाशी असेल, तर सगळे फोटो त्याच बैठकीत दुसऱ्या डिस्कवर उतरविता येतात. त्यानंतर दुसऱ्या तटाने खुशाल काय पुसायचे ते पुसावे.

खरे म्हणजे हे उतरवून घेण्यासाठी पडदा अडकण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. भाऊबीजेला सगळी भावंडे जमली की फराळ आटोपल्यावर एक प्रत काढावी आणि ती बहिणीच्या घरी ठेवावयास द्यावी.