कुठून आलात, ते आधी सांगा!

डोळ्यात वळवळणाऱ्या जंताचा व्हिडीओ मोबाइलवर आला की आपण काय करतो? ‘ईऽऽ’ म्हणतो आणि लगेच चार ग्रुपवर ढकलतो. २०१२ मध्ये मुंबईत एका ज्येष्ठ नागरिकाच्या डोळ्यातून जवळपास १३ सेंटीमीटर लांबीचा जिवंत जंत काढला, तेव्हाही ती बातमी देशभर फिरली. पण काही जंत असे असतात, की ते प्रवासातूनच सोबत येतात. त्यांच्याबद्दल आपण बोलायला हवं, कारण आपल्यातले कितीतरी जण आता दूरदूर जायला लागलेत.

परभणी, जिंतूर, गंगाखेड, सेलूकडची पोरं एकेकाळी पुण्या-मुंबईला जायची, फार तर गल्फला. आता कुणी कंपनीच्या कामावर आफ्रिकेत जातं, तर कुणी फौजेत भरती होऊन संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसोबत काँगोला. जाताना यलो फीव्हरची लस घ्यावी लागते, परत येताना विमानतळावर तिचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं. लोआ लोआवर मात्र ना लस आहे, ना कार्ड.

लोआ लोआ हे त्या जंताचं नाव. इंग्रजीत त्याला ‘आफ्रिकन आय वर्म’ म्हणतात. कॅमेरून, गॅबॉन, काँगो, नायजेरिया या पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या पट्ट्यात तो आढळतो. आपल्याकडच्या गोमाशीच्या जातकुळीतली क्रायसॉप्स नावाची माशी असते. जंगलाच्या कडेला, चिखल-पाण्याजवळ ती दिवसाढवळ्या चावते आणि जंताची अळी शरीरात सोडते. मग तो जंत कातडीखालून फिरत राहतो. हातापायावर अधूनमधून सूज येते, खाज सुटते, आपोआप ओसरते. आणि एखाद्या दिवशी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर दोऱ्यासारखं काहीतरी सरकताना दिसतं. थोड्या वेळात गायब!

खरी गोम पुढे आहे. हे सगळं परतल्या परतल्या होत नाही. मध्ये काही महिने जातात, कधी काही वर्षंही. हा जंत शरीरात १७ वर्षांपर्यंत जगू शकतो. तोवर माणूस गावात रमलेला असतो. डोळा लाल झाला, खुपायला लागला, तर त्याला वाटतं, सोयाबीनच्या मळणीचा भुसकट गेला असेल. मग थेट मेडिकल गाठायचं, ‘डोळ्याचा ड्रॉप द्या’ म्हणायचं, की झालं काम.

इथंच घात होतो. लोआ लोआ दिसायला भयंकर असला तरी सहसा नजर घालवत नाही. पण डोळा लाल होण्याची कारणं दहा असतात. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पोहल्यामुळे अकॅन्थअमिबा हा परजीवी बुबुळावर बसू शकतो. शेतात काडी लागून बुरशीही बसते. अशा डोळ्यात स्टेरॉइडचा ड्रॉप गेला, तर लाली कमी होते, दोन दिवस बरं वाटतं आणि आत आजार पसरत राहतो. नजर जाते ती अशी.

मग डॉक्टरांकडे गेल्यावर तरी आपण सगळं सांगतो का? नाही. कारण ‘कुठून आलास?’ या प्रश्नाची आपल्याला धास्ती बसलीय. २०२० आठवा. पुण्या-मुंबईहून आलेल्यांना गावानं वेशीवर अडवलं, झेडपीच्या शाळेत ठेवलं, संशयानं पाहिलं. बाहेरून आलो हे सांगणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, असं तेव्हा मनात बसलं ते बसलंच. पण लोआ लोआ हा माणसाकडून माणसाला होत नाही. शेजारी बसून, एका ताटात जेवून, टॉवेल वापरूनही नाही. त्यासाठी ती माशीच चावावी लागते. म्हणून लपवायचं काही कारण नाही आणि शेजाऱ्यांनी घाबरायचंही नाही.

सांगितल्यानं फरक काय पडतो? तपासणीच बदलते! आपल्याकडे हत्तीरोगाच्या तपासणीसाठी रक्त रात्री घेतात, कारण त्याच्या बारीक अळ्या रात्री रक्तात उतरतात. लोआ लोआचं उलटं आहे. त्यासाठी रक्त सकाळी १० ते दुपारी २ या वेळात घ्यावं लागतं. तुम्ही आफ्रिकेचं नावच काढलं नाही, तर डॉक्टर ही तपासणी सांगणार तरी कशी?

औषधाचंही तसंच. करोनाकाळात आयव्हरमेक्टिनची गोळी घराघरांत पोचली. गोवा सरकारनं तर मे २०२१ मध्ये १८ वर्षांवरच्या सगळ्यांना ती देण्याचं जाहीर केलं होतं. गोळी मोठ्या कामाची आहे, वाद नाही. आफ्रिकेतल्या ‘रिव्हर ब्लाइंडनेस’नं आंधळं होण्यापासून तिनं असंख्य लोकांना वाचवलं. त्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ चं नोबेल मिळालं. पण ज्याच्या रक्तात लोआ लोआच्या अळ्या खूप आहेत, त्याला हीच गोळी कोमात नेऊ शकते. हत्तीरोगावरची डीईसीची गोळी लोआ लोआवरही चालते, पण तीही आधी रक्तातल्या अळ्या मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. घरातल्या डब्यात उरलेली गोळी ‘जंताचीच तर आहे’ म्हणून घ्यायची नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. दवाखान्याच्या केस पेपरवर नाव, वय, गाव यांच्यासोबत ‘गेल्या काही वर्षांत कुठे राहून आलात?’ असा एक रकाना हवा. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, सगळीकडे. त्याला नवं मशीन लागत नाही, निधी लागत नाही. आणि तो रकाना येईपर्यंत आपण थांबायचं कशाला? डोळ्यात काही सरकताना दिसलं तर जमल्यास मोबाइलवर शूट करून ठेवा, कारण डॉक्टरांसमोर तो जंत दिसेलच असं नाही. डोळा चोळू नका, मनानं ड्रॉप घालू नका, नेत्रतज्ज्ञांकडे जा.

आणि खुर्चीत बसल्या बसल्या, त्यांनी विचारायच्या आधीच सांगा : डॉक्टर, मी अमुक देशात इतके महिने होतो.