वसंत आणि घागर

वर्गात वसंत ऋतू शिकताना कोकिळा आली, आम्रमोहर आला. घागर काही आली नाही. आम्हा पाच भावंडांच्या घरी चैत्र म्हणजे कुरडया, पापड, धाकट्यांच्या परीक्षा आणि टँकरची वाट!

२०१६ साली मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली. ८ एप्रिलला पाडवा झाला अन् १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. साऱ्या देशाने तिचे फोटो पाहिले. मी तेव्हा दहा वर्षांची. स्टेशनापर्यंतचे पाणी रेल्वेने आणले. टँकरपासून चुलीपर्यंतचे आम्ही तिघी बहिणींनी. दोघे भाऊ अभ्यासाला बसलेले. परीक्षा आमचीही होतीच की!

थोरल्या ताईची शाळा त्याच वर्षी सुटली. तिच्या कमरेवर घागर राहिली म्हणून आज मी नांदेडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्गात आहे, घरातली पहिलीच. मुलग्यांनाही पाण्याला लावा, असे मी म्हटले की शेजारणी तोंडाला पदर लावून हसतात. हसोत बापड्या! यंदा पाडव्याला घरी गेले की धाकट्याच्या हाती घागर देणार आहे. कुरडयांचा चीकही त्यालाच हाटायला लावीन.