मोबाईलवरील रोगसर्वेक्षण : ही मोजणी कोणासाठी?

पावसाळा सुरू झाला की कोल्हापूरकरांचे लक्ष राजाराम बंधाऱ्याकडे लागते. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे येथे बहुतेकांना तोंडपाठ असतात. नदी किती चढली हे आता मोबाईलवर घरोघर समजते आणि नदीकाठची माणसे वेळीच जनावरे व धान्य हलवतात. परंतु पूर ओसरल्यानंतर येणाऱ्या कावीळ, अतिसार, डेंग्यू किंवा लेप्टोस्पायरोसिसची पातळी दाखवणारी पट्टी कोठे लावायची? २०१९ आणि २०२१ चे महापूर सोसलेल्या आपल्या जिल्ह्यासाठी हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

अशी पट्टी उभारण्याचा प्रयत्न आपल्या देशात २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पाने सुरू झाला. आरोग्यसेविकेने लक्षणांवरून, डॉक्टरांनी निदानावरून आणि प्रयोगशाळेने तपासणीवरून रुग्णांची नोंद करावी व ती दर आठवड्याला वर पाठवावी, अशी ही रचना होती. दोष एवढाच की, कागद उपकेंद्रातून तालुक्याला आणि तालुक्यातून जिल्ह्याला पोहोचेपर्यंत साथ थांबून राहत नाही. म्हणून ५ एप्रिल २०२१ रोजी देशभर एकात्मिक आरोग्य माहिती मंच सुरू करण्यात आला. या व्यवस्थेत ३३ रोगांची माहिती टॅब्लेट किंवा मोबाईलवरून, ठिकाणासह, जवळजवळ तत्काळ वर जाऊ शकते. एकाच गल्लीतून तापाच्या चार नोंदी आल्या, तर जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या अधिकाऱ्याला त्या नकाशावर दिसू शकतात.

लवकर लक्षात येण्याचे मोल काय, हे पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावाने दाखवून दिले. जुलै २०२१ मध्ये तेथे तापाचे रुग्ण वाढू लागले. ही वाढ लक्षात येताच रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे पाठवण्यात आले. चिकुनगुन्या व डेंग्यूचे रुग्ण आढळले आणि महिनाअखेरीस महाराष्ट्रातील पहिला झिका रुग्णही याच गावात सापडला. यंत्राने पुढे संदेश नेला असेल, परंतु 'यंदा ताप नेहमीपेक्षा अधिक आहे' हे आधी माणसाच्या ध्यानात आले होते, हे विसरता कामा नये.

येथेच या विषयाचे मर्म आहे. मोबाईल वेग देतो. विश्वास देऊ शकत नाही. १८९७ साली प्लेगच्या काळात पुण्यात सैनिकांनी घरोघरी शिरून रुग्णांचा शोध घेतला. घराचा आणि देवघराचाही मान राहिला नाही. परिणामी लोक आजारी माणसे लपवू लागले, संताप वाढत गेला आणि त्याच वर्षी प्लेग अधिकारी रँड यांची हत्या झाली. रोग शोधणे आवश्यकच होते. परंतु ज्या शोधाची लोकांना भीती वाटते, तो रोगाला अंधारात ढकलतो. आज दारात सैनिक उभा नाही. तरीही क्षयरुग्णाचे नाव शेजाऱ्यांच्या व्हॉट्सॲप समूहावर फिरले, तर त्या घरातील दुसरा रुग्ण खोकला लपवणारच. म्हणून रुग्णाची माहिती ही त्याची ठेव आहे, ही जाणीव ती हाताळणाऱ्या प्रत्येकाने बाळगली पाहिजे.

दुसरा प्रश्न न्यायाचा आहे. ही सारी नोंद शेवटी कोण करते? आशा स्वयंसेविका, आरोग्यसेविका आणि अंगणवाडी सेविका. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. ते फोन वारंवार बिघडत होते आणि पोषणाच्या नोंदीचे ॲप इंग्रजीत होते. तंत्रज्ञानाला त्यांचा विरोध नव्हता. नादुरुस्त साधन हाती देऊन चोख कामाची अपेक्षा करण्याला होता. आशाताईंच्या मोबदल्याचा प्रश्नही वर्षानुवर्षे गाजत आहे. ज्यांच्या बोटांवर जिल्ह्याची आरोग्यसुरक्षा उभी आहे, त्यांना पुरेसे मानधन न देणे ही केवळ प्रशासकीय चूक नव्हे, तो अन्याय आहे.

तिसरी गोष्ट परतीच्या वाटेची. माहिती वर गेली, तर मदत खाली आली पाहिजे. क्षयरुग्णांची नोंद 'निक्षय' या संगणकीय प्रणालीत होते आणि त्याआधारे उपचारकाळात पोषणासाठी दरमहा पाचशे रुपये दिले जात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम एक हजार झाली. असे साहाय्य वेळेवर हाती पडले, तर नोंदीचा अर्थ रुग्णाला कळतो. काविळीची नोंद झाली आणि नळाचे पाणी मात्र तसेच गढूळ राहिले, तर पुढच्या वेळी कोण सांगायला येईल?

लूककृत शुभवर्तमानातील मेंढपाळ (१५:४) शंभरांतील एक हरवले हे ओळखतो, कारण त्याने मोजलेले असते. मात्र त्याची मोजणी अहवालासाठी नसते. ती शोधायला निघण्यासाठी असते. रोगसर्वेक्षणाची कसोटीही हीच मानावी.

आपल्या धर्मग्रामांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. लघु ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत आपल्या वस्तीत कोण आजारी आहे याची चौकशी होतच असते. एकाच गल्लीत तीन-चार घरी ताप किंवा जुलाब दिसले, तर त्यांच्यासाठी प्रार्थना तर करावीच, पण त्याच दिवशी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. धर्मभगिनींच्या दवाखान्यांनी आपल्याकडील नोंदी नियमितपणे शासनाला द्याव्यात. पावसाळ्यात पवित्र मिस्सानंतरच्या सूचनांमध्ये पाणी उकळून पिण्याची आठवण करून द्यावी. आणि दारी आलेल्या आशाताईंना बसायला सांगून खरी माहिती द्यावी. त्यांच्या हातातील मोबाईल तेवढेच सांगू शकतो, जेवढे आपण त्यांना सांगतो.