अन्नतंत्राची पदवी आणि कायद्यातील पळवाट

एखादी विद्यार्थिनी अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेत आहे असे कळले की ‘म्हणजे स्वयंपाकच ना?’ हा प्रश्न आपल्या सुशिक्षित घरांतूनही ऐकू येतो. या विद्येविषयीचे अज्ञान येथूनच सुरू होते. टोमॅटोचा रस उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर डब्यात टिकविता येतो. मटार मात्र दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागतात. टोमॅटोत आम्लता आहे, मटारात ती पुरेशी नाही. ज्या पदार्थाचा सामू ४.६ हून अधिक, त्यात बोटुलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू उकळूनही तगतात आणि हवाबंद डब्यात जीवघेणे विष निर्माण करतात. डब्याच्या मध्यभागी ही उष्णता किती मिनिटे पोहोचली पाहिजे याचे गणित अनुभवी सुगरणीलाही अंदाजाने सुटणारे नाही. त्यासाठी रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र आणि अभियांत्रिकी एकत्र शिकावी लागते.

या शास्त्राने देशाला काय दिले याचा दाखला जुना आहे. म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही, हे परदेशी तज्ज्ञांचे मत १९५५ च्या सुमारास आणंद येथे हरिचंद दलाया यांनी खोटे ठरविले. त्याच दुधापासून बालान्न करण्याची पद्धत १९५० मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेने शोधून दिली. महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय काढले. मराठवाड्यासारख्या उपेक्षित भागात ते निघाले, ही तर दूरदृष्टीच होती.

मग घोडे अडते कोठे? अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी परवानाधारक कारखान्यात उत्पादनावर देखरेख ठेवणारी एक तांत्रिक व्यक्ती आवश्यक मानली. परंतु रसायनशास्त्राचा कोणताही पदवीधर त्यांनी या कामास पात्र ठरविला. चार वर्षे उष्णतेचे गणित शिकलेला आणि ते कधीच न शिकलेला, दोघे कायद्याच्या तराजूत सारखे! लहान उद्योगांना तर नुसती नोंदणी पुरते. तेथे ही अटही नाही. २०२० च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेने यंत्रसामग्रीसाठी ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान देऊ केले. प्रशिक्षणाची तरतूदही केली; पण काही दिवसांच्या शिबिराने हे शास्त्र हाती येत नाही.

दूध आणि कमी आम्लतेचे डबाबंद पदार्थ बनविणाऱ्या कारखान्यांपुरती तरी अन्नतंत्राची किंवा दुग्धतंत्राची पदवी सक्तीची व्हावी. कारखानदार खर्चाचे रडगाणे गातील. त्यांना दोन वर्षांची मुदत द्यावी. लहान उद्योगांना पगारी तंत्रज्ञ परवडणार नाही, हे मात्र खरे आहे. त्यांच्यासाठी शासनाने प्रत्येक तालुक्याला एक अन्नतंत्रज्ञ नेमावा. बचतगटाच्या लोणच्याचा सामू मोजून देण्याइतकी साधने त्याच्याजवळ असली, तरी आरंभाला पुरे आहे.