भाचा मालिकेत लागला!

घरात नाटकाचे वेड घेतलेला मुलगा निघाला की पूर्वी आईबापांच्या पोटात गोळा उठे. 'मुलगा नाटकात गेला' हे वाक्य 'मुलगा हातचा गेला' याच सुरात उच्चारले जाई. आता काळ पालटला आहे. मुलगा नाटकात काम करतो म्हटले, की 'ते ठीक. पण करतो काय?' असा प्रश्न अजूनही येतोच. तोच मुलगा दूरदर्शन संचावरच्या मालिकेत दिसू लागला, की मात्र पेढे वाटले जातात. बँकेत लागावे, रेल्वेत लागावे, तसा तो मालिकेत 'लागतो'!

माझा भाचा गेल्या वर्षी असाच लागला. आमच्या ताईने पेढे वाटले. मेहुण्यांनी पाच वर्षे मुलापुढे नाटक या विषयावर अवाक्षर काढले नव्हते. त्यांनी सोसायटीच्या फलकावर मालिकेची वेळ स्वहस्ते लिहिली. साऱ्या गोतावळ्यात आनंदात नव्हता तो एकच इसम, खुद्द भाचा!

आता त्याचे दुःख काय ते सांगतो. पुण्यात कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या पायी त्याने अभ्यास सोडून बाकी सर्व गोष्टी मनापासून केल्या. १९६३ पासून ही एकांकिका स्पर्धा पुण्यातल्या मुलांना असेच वेड लावीत आली आहे. पुढे तो मुंबईस आला. गोरेगावात चौघांत मिळून एक खोली, दिवसा ऑडिशनच्या रांगा आणि संध्याकाळी तालीम. एका प्रायोगिक नाटकात त्याला मुख्य भूमिका मिळाली. महिन्याकाठी तीन-चार प्रयोग होत. नाटकवाल्यांच्या भाषेत प्रयोगाच्या मानधनाला 'नाइट' म्हणतात. महिन्याच्या साऱ्या नाइटांची बेरीज केली तरी खोलीचे भाडे वर उरे. मालिकेचा हिशेब 'पर डे'चा. पैसे हाती पडायला तीन-तीन महिने लागतात, ही गोष्ट तिथे गेल्यावर कळते. पण उशिरा का होईना, ते घर चालण्याइतके पडतात. तेव्हा तो गेला यात नवल नाही. मी त्याच्या जागी असतो तर धावत गेलो असतो!

शिवाय या वाटेने जाणारा तो पहिला नव्हे. १९३१ साली बोलपट आला आणि नाटक कंपन्यांचे प्रेक्षक तिकडे वळले. खुद्द बालगंधर्वांनी १९३५ साली 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त संत एकनाथांची भूमिका केली. कॅमेऱ्यासमोर ते रमले नाहीत, रंगभूमीवर परत आले. उलट केशवराव दाते पाहा. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'तले हे नट १९३७ च्या 'कुंकू'त काकासाहेब झाले आणि दोन्हीकडे नाव मिळवून गेले. मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्याच दशकात दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ घराघरांत पोचले. ही मंडळीही रंगभूमीवरचीच. छोट्या पडद्याने त्यांचे नाटक हिरावून घेतले नाही. उलट पडद्यावर पाहिलेला माणूस प्रत्यक्ष पाहायला लोक नाट्यगृहात आले.

मग आजच घोडे कुठे अडते? माझ्या मते ते तारखांपाशी अडते. तेव्हाचा कार्यक्रम दररोज भेटीला येत नसे. खाजगी वाहिन्या आल्या, आणि मालिका रोजची झाली. आठवड्याला पाच-सहा भाग, प्रत्येक भाग वीस-बावीस मिनिटांचा. म्हणजे आठवड्याला जवळजवळ एका चित्रपटाएवढा मजकूर! त्यासाठी फिल्मसिटीत, मढला, नाहीतर ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर बारा-बारा तास काम चालते. नाटकाचे प्रयोग बहुतेक शनिवार-रविवारी. नट म्हणतो, 'येत्या रविवारी दुपारी सोडाल का?' उत्तर येते, 'बघू.' आता या 'बघू'च्या भरवशावर कोणता नाट्यनिर्माता थिएटर घेईल आणि जाहिरात देईल? भाच्याच्या निर्मात्याने दोन महिने वाट पाहिली आणि त्याच्या जागी दुसरा मुलगा उभा केला. त्यात त्या बिचाऱ्याचाही दोष नाही.

कामाची रीतही अगदी वेगळी. भाचा म्हणाला, "मामा, पहिल्या दिवशी दिग्दर्शक मला एकच शब्द सांगत होते, 'कमी!' आवाज कमी, हात कमी, मान हलवणं कमी." शेवटच्या रांगेतल्या आजोबांना ऐकू जावा म्हणून कमावलेला आवाज, तो शर्टात लपवलेल्या बोटभर माइकला सोसेना! नाटकात पहिला अंक आधी होतो, तिसरा नंतर. इथे एका खोलीतले सारे प्रसंग एकदम उरकतात. सकाळी बापाच्या फोटोला हार घालून रडायचे आणि दुपारी त्याच बापाशी भांडायचे! संवाद पुष्कळदा रंगभूषेच्या खुर्चीत हाती पडतात. आणि कथा पुढे कुठे वळणार हे प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांवर ठरते. मी विचारले, "तुझा माणूस स्वभावाने चांगला की वाईट?" तो म्हणाला, "ते मला दिवाळीनंतर कळेल!"

पण ही विद्या हलकी आहे असे मात्र कोणी समजू नये. पानभर संवाद दहा मिनिटांत पाठ करणे, खुणेच्या जागी न पाहता नेमके येऊन उभे राहणे, समोर कोणी नसताना त्या माणसाकडे पाहून डोळ्यांत पाणी आणणे, हे सारे तो वर्षभरात शिकला. नुसते डोळे उचलून गप्प कसे बसावे, हे त्याला नाटकाने शिकवले नव्हते.

गेल्या महिन्यात त्याला अचानक एक रविवार मोकळा मिळाला. हा पठ्ठ्या आपल्याच जुन्या नाटकाचे तिकीट काढून मागच्या रांगेत जाऊन बसला. रात्री माझ्याकडे जेवायला आला. पानावर नुसता चिवडत बसला होता. मी म्हटले, "का रे, त्या मुलाने चांगले केले का?"

"चांगलंच केलं. पण ते नाही, मामा. दुसऱ्या अंकात एक वाक्य आहे. मी ते घाईनं म्हणायचो, लोक हसायचे. तो तिथे थांबला. सगळं थिएटर गप्प झालं. त्याला ही जागा तालमीत सापडली नसणार. लोकांनी दाखवली असणार. वर्षभरात त्याचे पस्तीस प्रयोग झाले. माझा एकही नाही."

त्यावर मला चटकन काही बोलता आले नाही. मालिकेत चूक झाली तर पुन्हा घेता येते. पण ती चूक की कमाई, हे सांगायला अंधारात बसलेली पाचशे माणसे तिथे नसतात. वयाच्या सव्विसाव्या वर्षी ही शाळा सुटली, तर पुढे त्याच्यापाशी शिल्लक काय राहणार? चेहरा ओळखीचा होईल. नट मात्र जिथल्या तिथे राहील.

मालिका सोड, असे मी त्याला सांगितले नाही. उपाशी नटाच्या हातून रंगभूमीची सेवा घडते, हे भाषणात ठीक. खोलीमालकाला ते पटत नाही. मी एवढेच म्हटले, की पुढचा करार होईल तेव्हा पैसे थोडे कमी घे; पण महिन्याचे दोन रविवार सही करण्यापूर्वी कागदावर लिहून घे. 'बघू' हा शब्द करारात चालत नाही!

आणि दोन शब्द आपल्यासाठी. हा एकट्या नटाचा प्रश्न नव्हे. नाट्यगृहे भरली तर नाइट वाढेल, प्रयोग वाढतील, आणि पोरांना सगळा आठवडा एकाच ठिकाणी गहाण टाकावा लागणार नाही. नावाजलेल्या नटांच्या नाटकाला आपण जातोच. या सुट्टीत ज्यांची नावे आपण कधी ऐकली नाहीत अशा मुलांचेही एक नाटक पाहावे. घरची मालिका एक दिवस बुडेल, बुडू द्यावी. दुसऱ्या दिवशी ती बहुधा तिथेच असते!

भाच्याचा करार पुढल्या महिन्यात आहे. दोन रविवार कागदावर उतरले, तर याच जागी कळवीन.