राहून गेलेली नोंद

वर्तमानपत्राची चूक आपण छापलेल्या मजकुरात शोधतो. अल्पसंख्य समाजांच्या बाबतीत ती पुष्कळदा न छापलेल्या मजकुरात असते.

मार्च 2020 च्या अखेरीस दिल्लीच्या निजामुद्दीन भागातील तबलिगी मेळाव्याची बातमी आली. तेथे गेलेल्या अनेकांना करोनाची लागण झाली होती. ते सांगणे पत्रकारांचे कर्तव्यच होते. पण दोन-चार दिवसांत बातमी मेळाव्याची राहिली नाही, एका धर्माची झाली. ठिकठिकाणी भाजीवाल्याला आधी नाव विचारले जाऊ लागले.

21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले. वृत्तपत्रे आणि वाहिन्यांतून त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार झाला, त्यांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यता दिसते, असे न्या. टी. व्ही. नलावडे यांनी निकालपत्रात लिहिले. आरोप घरोघरी पोचला होता. निकाल किती घरांत पोचला?

हिशेबात एक साधा नियम असतो. चुकीची नोंद ज्या खात्यात पडली, दुरुस्तीही त्याच खात्यात दिसावी लागते. बातमीलाही तो लागू व्हावा. आरोप पहिल्या पानावर असेल, तर सुटकाही पहिल्या पानावर, तेवढ्याच ठळक मथळ्याने यावी.

दुसरा प्रश्न एरवीच्या दिवसांचा. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. बातमी कित्येकदा गर्दीची आणि वाहतुकीतील बदलांची असते. पदरमोड करून शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवरून पुस्तके घेणारी माणसे तिच्यात क्वचितच दिसतात. ईदला शिरखुर्मा, नाताळला केक आणि मध्ये कुठे दंगल झाली तर पोलिसांचे निवेदन, एवढ्यावर शेजाऱ्याची ओळख कशी होणार? मालेगावच्या यंत्रमागाचे वीजबिल ही उद्योगाची बातमी आहे, वसईच्या ख्रिस्ती बागायतदाराची अडचण ही शेतीची. त्या त्या पानावर ही माणसे सहज भेटली पाहिजेत. त्यासाठी वार्ताहराच्या ओळखी पोलीस ठाण्यापुरत्या असून चालणार नाहीत. मोहल्ल्यातला शिक्षक, विहारातला कार्यकर्ता, चर्चच्या आवारातली परिचारिका हेही त्याला नावानिशी ठाऊक हवेत.

वाचकांचेही काही काम आहेच. आरोपाची बातमी आपण चहाबरोबर चवीने वाचतो. त्या खटल्याचे पुढे काय झाले, एवढे विचारणारे एक पोस्टकार्ड संपादकांना धाडायला फारसा वेळ लागत नाही.